राहायला आलात त्या दिवसापासून

तर झालं असं, की २०१८ साली मी दुसऱ्यांदा टोकियोत राहायला गेलो. पहिली खेप २००७ ते २०११. त्यातलं शेवटचं वर्ष नोकरी सोडून फ्रीलान्स केलं होतं, त्यामुळे विमा कंपनीचा नाही, वॉर्ड ऑफिसचा सरकारी. त्याला म्हणतात ‘कोकुमिन केंको होकेन’. पुण्याला परतताना ‘चाललो बुवा’ अशी रीतसर नोंद केली, कार्ड काउंटरवर परत दिलं, विमा बंद.

सात वर्षांनी बायको-मुलीला घेऊन परत आलो. नियमाप्रमाणे चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवला. तिथल्या बाईंनी एक चिठ्ठी हातात देऊन सांगितलं, आता दुसऱ्या मजल्यावर विम्याच्या काउंटरला जा. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं, कडेवर झोपलेली मुलगी. म्हटलं, उद्या बघू. पुण्याहून सहा महिन्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढून आणला होता, मग घाई कसली? तो ‘उद्या’ पाच महिन्यांनी उजाडला.

काउंटरवरच्या तरुणाला मी ऐटीत सांगितलं, की माझा जुना विमा परत सुरू करायचाय, पुढच्या एक तारखेपासून केलात तरी चालेल. त्याने स्क्रीनवर काहीतरी पाहिलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, की विमा सुरूच आहे. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून. तेव्हा पाच महिन्यांचे हप्ते भरा.

मग मी विचारलं, चौथ्या महिन्यात मुलीच्या कानाला इन्फेक्शन झालं होतं, ट्रॅव्हलवाल्यांनी हात वर केले आणि मी पूर्ण बिल भरलं, त्याचे पैसे? त्याने मान तिरकी केली. ज्यांनी जपानी ऑफिसात काम केलंय त्यांना या तिरक्या मानेचा अर्थ माहीत आहे. नोंदणी उशिरा केल्याचं सबळ कारण असेल तर विचार होतो. ‘चारची पन्नास झाली होती’ हे त्यांच्या मते सबळ कारण नाही. वर कहर म्हणजे, विमा असता तर मुलांच्या उपचाराचा आपला हिस्सा वॉर्ड भरतो, म्हणजे मला ते फुकटच पडलं असतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. टेबलात दोन कॉलम आहेत: ‘एंट्री डेट’ आणि ‘इफेक्टिव्ह डेट’. मी समजत होतो दोन्ही एकच. हप्त्यासाठी ते इफेक्टिव्ह डेट बघतात, खर्चाच्या भरपाईसाठी एंट्री डेट. चिडचिड झाली, पण मग कुतूहल वाटलं. मी ‘घेतलाच’ नाही असा विमा मला लागू कसा? मेडिक्लेमवर वाढलेला माणूस मी. पॉलिसी आपण घेतो, लॅप्स झाली तर आपण रिन्यू करतो, एवढंच आपल्याला ठाऊक. मग बरेच वीकेंड यात गेले.

गोष्ट तशी जुनी आहे. क्यूशू बेटावर फुकुओकाजवळ मुनाकाता नावाचा भाग आहे. तिथल्या खेड्यांत १९ व्या शतकाच्या पूर्वार्धापासून एक पद्धत होती, ‘जोरेई’. प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे डॉक्टरला तांदूळ द्यायचा, अगदी गरिबाने कमी किंवा काहीच नाही, आणि आजारी पडलं की डॉक्टरने पैसे न घेता तपासायचं. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण होते ना? फक्त इथे डॉक्टर बलुतेदार.

सरकारी विमा मात्र आला जर्मनीकडून. बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यावर बेतलेला आरोग्य विमा कायदा जपानने १९२२ मध्ये केला, तोही फक्त कारखाने आणि खाणींतल्या कामगारांसाठी. अंमल सुरू व्हायच्या आत १ सप्टेंबर १९२३ चा कांतो भूकंप झाला, टोकियो-योकोहामा जळून गेलं, आणि प्रत्यक्ष लाभ मिळायला १९२७ चा जानेवारी उजाडला. शेतकरी बाहेरच राहिले. १९३० च्या मंदीत खेडी पार खचली. डॉक्टरचं बिल म्हणजे कर्ज. गृहखात्याचे अधिकारी खेड्यांसाठी काय करता येईल हे शोधत होते, तेव्हा त्यांच्या नजरेत ही तांदळाची पद्धत आली. १९३८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा झाला. यामागे निव्वळ कळवळा होता असं समजू नका. चीनशी युद्ध सुरू होतं, आणि खेड्यांतून येणारी पोरं अशक्त आहेत ही लष्कराची तक्रार होती.

युद्ध संपलं तेव्हा यातलं बरंचसं कागदावरच उरलं होतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावरही सुमारे ३ कोटी लोकांना, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला, कुठलाच विमा नव्हता. १९५८ मध्ये नवा कायदा झाला आणि एप्रिल १९६१ पर्यंत प्रत्येक शहराने, गावाने विमा चालवलाच पाहिजे असं ठरलं. ‘सर्व प्रजेला विमा’ ही घोषणा त्या वेळची.

इथे एका गावाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उत्तरेकडे इवाते प्रांतात सावाउची नावाचं गाव, हिवाळ्यात माणसापेक्षा उंच बर्फ. १९५७ मध्ये फुकासावा मासाओ तिथले सरपंच झाले, तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी सत्तरच्या आसपास वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी बर्फ हटवायला बुलडोझर आणला, घरोघर जाणाऱ्या परिचारिका नेमल्या, आणि डिसेंबर १९६० मध्ये ६५ वर्षांवरच्यांचे उपचार फुकट केले. पुढच्याच वर्षी साठीपासूनचे लोक आणि तान्ही बाळंही त्यात आली. प्रांताच्या साहेबांनी हरकत घेतली: नव्या विमा कायद्याप्रमाणे रुग्णाने आपला हिस्सा भरलाच पाहिजे. फुकासावांचं म्हणणं असं, की विमा कायद्याचा भंग होत असेल कदाचित, पण राज्यघटनेचा होत नाही. उलट घटनेने जे सांगितलंय ते सरकार करत नाही म्हणून गाव करतंय. १९६२ मध्ये गावात वर्षाच्या आतलं एकही बाळ दगावलं नाही. ते स्वतः १९६५ मध्ये गेले. देशभर वृद्धांचे उपचार मोफत झाले १९७३ ला (आणि तेही दहाच वर्षं टिकलं, पण तो वेगळा विषय).

आता माझ्या प्रश्नाकडे. ‘सर्व प्रजेला’ म्हणताना प्रजा कोण? ‘कोकुमिन’ म्हणजे देशाचे नागरिक. गंमत म्हणजे १९५८ च्या कायद्याच्या मुख्य कलमात नागरिकत्वाचा उल्लेखच नाही. तिथे म्हटलंय, ज्याचा पत्ता या गावात तो विमाधारक. नागरिक नसलेल्यांना वगळलं ते खात्याच्या नियमावलीने. करार असेल किंवा गावाने स्वतः ठराव केला असेल तर घ्यावं, नाहीतर नाही.

आणि हे परके म्हणजे कोणी पाहुणे नव्हते. कोरिया जपानच्या ताब्यात असताना आलेले किंवा आणलेले, आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलं, असे सहा लाखांच्या आसपास लोक. १९४५ पर्यंत ते सम्राटाचे प्रजाजन होते. एप्रिल १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को तह लागू झाला त्या दिवशी त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. घर तेच, गल्ली तीच, कर तोच, पण पोर आजारी पडलं की पूर्ण बिल. माझ्यासारखं एका आळसापायी नाही, कायमचंच. १९६५ च्या दक्षिण कोरियाशी झालेल्या करारानंतर त्यातल्या काहींना दार उघडलं, काही शहरांनी आपापले ठराव केले, बाकीचे थांबले.

दार पूर्ण उघडायला निमित्त झाले व्हिएतनाम युद्धानंतर बोटींतून आलेले निर्वासित. जगाचा दबाव आला आणि जपानने १९८१ मध्ये निर्वासित करारावर सही केली. त्यात अट होती की निर्वासितांना सामाजिक सुरक्षेत नागरिकांसारखंच वागवायचं. आता काल आलेल्या निर्वासिताला पेन्शन आणि तीन पिढ्या राहिलेल्या कोरियन शेजाऱ्याला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? १९८२ मध्ये राष्ट्रीय पेन्शनमधली नागरिकत्वाची अट गेली, १९८६ मध्ये आरोग्य विम्यातली. (आपल्याकडे मेडिक्लेम सुरू झाली तीही १९८६ मध्येच. योगायोग, दुसरं काय!)

त्यानंतरही पत्ता म्हणजे नक्की काय, हा वाद उरलाच. व्हिसा संपूनही अनेक वर्षं योकोहामात राहिलेल्या एका माणसाने विमा नाकारला म्हणून दावा लावला. त्याच्या मुलाला मेंदूचा ट्यूमर होता. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की व्हिसा नाही एवढ्यावरून ‘पत्ता नाही’ असं म्हणता येत नाही. भरपाई मात्र दिली नाही. आणि खात्याने काय करावं? त्याच वर्षी नियमावली बदलून व्हिसा नसलेल्यांना स्पष्ट शब्दांत वगळलं. बग रिपोर्ट आल्यावर कोड सुधारण्याऐवजी डॉक्युमेंटेशन बदलणारे मॅनेजर आपण पाहिलेत, त्यातलाच प्रकार.

९ जुलै २०१२ ला परदेशी लोकांचं वेगळं रजिस्टर बंद झालं आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असणारे नागरिकांच्याच रहिवासी यादीत आले. माझ्या पहिल्या खेपेला मी ‘एलियन’ रजिस्टरात होतो, दुसऱ्या खेपेला शेजारच्या आजींच्याच यादीत. म्हणून तर तो तरुण विमा ‘परत सुरू’ करायला तयार नव्हता. त्याच्या लेखी बंद-चालू करायला माझी पॉलिसी नव्हतीच. मी तिथे राहत होतो किंवा राहत नव्हतो, एवढंच.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ ला लागू झाला, पण तो पेन्शन-पीएफपुरता आहे, आरोग्य विम्याला त्याचा उपयोग नाही. आणि हप्ता ठरतो तो आदल्या वर्षाच्या जपानमधल्या उत्पन्नावर. माझं ते शून्य होतं. तसा फॉर्म त्या तरुणाने माझ्याकडून भरून घेतला, आकडे परत मांडले, आणि पाच महिन्यांचा हप्ता मी मनात धरलेल्या रकमेच्या पावपट निघाला. मग त्याने मुलीच्या मोफत उपचाराच्या कार्डासाठी शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं. घड्याळात चारची पन्नास झाली होती. या वेळी गेलो.