राजदत्त

(जन्म : २१ जानेवारी १९३२). मराठी चित्रपटदिग्दर्शक. मूळ नाव दत्तात्रय अंबादास मायाळू. जन्म अमरावती जिल्ह्यातील धामणगावचा. पद्मभूषण (२०२४). राजा परांजपे यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून त्यांची घडण झाली. पडद्यावरच्या नावातला ‘राज’ गुरूचा, ‘दत्त’ स्वतःचा. श्रेयनामावलीत गुरूला असा कायमचा वाटा देणारा दिग्दर्शक विरळाच.

मधुचंद्र (१९६७) हा त्यांचा पहिला स्वतंत्र चित्रपट. पुढे अपराध, धाकटी बहीण, वऱ्हाडी आणि वाजंत्री, अरे संसार संसार असे नाना प्रकृतीचे चित्रपट त्यांनी केले. हे चित्रपट प्रेक्षकांना ठाऊक असतात, ते राजदत्तांचे आहेत हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. विनोदी कथेला एक हाताळणी, ग्रामीण कथेला दुसरी. स्वतःची मुद्रा उठवण्याचा सोस नाही. शिवाय मराठी चित्रपट घरोघरी पोचला तो गाण्यांतून, आणि रेडिओवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगत, दिग्दर्शकाचे नव्हे.

अष्टविनायक (१९७९) हे याचे ठळक उदाहरण. निर्माते शरद पिळगावकर, संगीत अनिल-अरुण यांचे. पं. वसंतराव देशपांडे त्यात गायले आणि त्यांनी भूमिकाही केली. आठ गणपतींच्या यात्रेचे जगदीश खेबुडकरांचे गीत गणेशोत्सवात आजही लागते. नामवंत पाहुण्या कलाकारांच्या गर्दीतही त्या गाण्यातली यात्रा विस्कळीत होत नाही, ही करामत दिग्दर्शकाची. पण लोकांच्या तोंडी नावे राहिली ती गणपतीची आणि गायकांची. त्याआधीच्या देवकीनंदन गोपाला (१९७७) मध्ये अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावच्या गाडगेबाबांचे चरित्र आले. तो चित्रपट गाडगेबाबा साकारणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंचा म्हणून ओळखला जातो.

शापित, पुढचं पाऊल आणि सर्जा या तिन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक निर्माता आणि दिग्दर्शक दोघांचे असते. शापित (१९८२) चे दिग्दर्शन राजदत्त आणि रंगकर्मी अरविंद देशपांडे या दोघांच्या नावावर आहे; त्यातले कोणते दृश्य कोणाचे, हे पडद्यावरून ओळखू येत नाही.