तिथी आणि वारा

मोहन्याजवळून वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणपाशी खाडीचे रूप घेते आणि तिथून पाण्याचा हिशेब चंद्राच्या हाती जातो. या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या एक साधे गणित करीत आले आहेत : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ६, द्वादशीला ९. हे गणित फारसे चुकत नाही. म्हणूनच त्यावर पंचांगाइतका विश्वास बसला.

वाऱ्याला तिथी नसते. आपल्या सागरी इतिहासाच्या वाचनात हा भेद निसटतो, असे आम्हांला वाटते. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' आगबोट मुंबईहून रेवसकडे निघाली, ती अमावास्येच्या तोंडावर. वरच्या गणिताने पूर्ण भरती साडेदहा-अकराची, म्हणजे पाणी चढते होते. घात केला तो पावसाळी वादळाने. ६०० हून अधिक माणसे बुडाली.

नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटणे, हा खरे तर वाऱ्याचाच अंदाज. पण तो ऋतूचा, दिवसाचा नव्हे. नोव्हेंबर २००९ चे 'फयान' वादळ त्या चौकटीबाहेर आले आणि कोकणातले कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत.

मे २०२१ मध्ये तर 'तौक्ते'चे इशारे हवामान खात्याने काही दिवस आधीच दिले होते. तरीही 'पी-३०५' हा तराफा बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातच थांबला आणि १७ मे रोजी बुडाला. या वेळी उणीव अंदाजाची नव्हती.