महास्फोटापूर्वीचा पुरावा कुठे शोधावा?

१/ महास्फोटापूर्वी काही होते का? या प्रश्नाला गणिती रूप मिळाले ते १९२२ मध्ये. पेत्रोग्राडच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखवले, की विश्व प्रसरण पावून पुन्हा आकुंचनही पावू शकते. मग आकुंचनानंतर ते उसळी घेईल का?

२/ १९३० च्या दशकात रिचर्ड टॉलमन यांनी अडचण मांडली. दर आवर्तनात एन्ट्रॉपी वाढते, म्हणून पुढचे आवर्तन मागच्यापेक्षा मोठे होते. भूतकाळात मागे जावे तसतशी आवर्तने लहान होत जातात. आरंभाचा प्रश्न सुटत नाही. पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांच्या सिद्धान्तांनी उसळीची वाट आणखी बिकट केली.

३/ १९९२ मध्ये नवी कसोटी समोर आली. ‘कोबी’ उपग्रहाला वैश्विक पार्श्वप्रारणाच्या तापमानात सुमारे एक लक्षांश इतके चढउतार आढळले. ही आरंभीच्या घनतेतील चढउतारांची खूण होती. त्यांतूनच पुढे दीर्घिका घडल्या.

४/ ॲलन गथ यांच्या १९८१ च्या ‘इन्फ्लेशन’ सिद्धान्ताकडे याचे उत्तर होते: अतिवेगवान प्रसरणात सूक्ष्म पुंज-कंपने ताणली जातात. आता नुसती उसळी पुरेशी नव्हती. हे चढउतारही तिच्यातून यायला हवे होते.

५/ १९९९ मध्ये डेव्हिड वाँड्स यांनी दाखवले, की दाबरहित द्रव्याने भरलेले विश्व आकुंचन पावतानाही सर्व अंतरांवर जवळजवळ सारखेच चढउतार निर्माण होतात. २००१ मध्ये स्टाइनहार्ट, टुरॉक आणि सहकाऱ्यांनी संथ आकुंचनाचा ‘एकपायरोटिक’ सिद्धान्त मांडला. वाद पेटला: हे चढउतार उसळी ओलांडून पलीकडे पोहोचतात का?

६/ २००६ मध्ये मूळचे शिरपूरचे अभय अष्टेकर, टोमाश पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी लूप पुंज-गुरुत्वाच्या एका सोप्या प्रतिमानात दाखवले, की घनता ठरावीक मर्यादेला पोहोचताच विश्व उसळी घेते.

७/ निर्णायक साक्षीदार आहेत आदिम गुरुत्वीय लहरी. द्रव्य-उसळीच्या साध्या प्रतिमानात त्या निरीक्षणांच्या मर्यादेपेक्षा तीव्र येतात, तर एकपायरोटिकमध्ये जवळजवळ नसतात. २०१४ मध्ये ‘बायसेप-२’ ने त्यांची खूण सापडल्याचे जाहीर केले. पण तो संकेत आपल्याच आकाशगंगेतील धुळीने स्पष्ट होऊ शकतो, असे पुढे दिसले.

८/ निकाल अजून लागलेला नाही. मात्र शतकभरात प्रश्नाचे स्वरूप पालटले. ‘पूर्वी काय होते’ हा केवळ तत्त्वज्ञानाचा विषय उरला नाही. उसळी मांडणाऱ्याला आता आकाशातील एक लक्षांशाचा हिशेब द्यावा लागतो.