पावित्र्य, सोवळे आणि एक प्याला

कागल तालुक्यातील दूधगंगेच्या खोऱ्यात वसलेले बिद्री हे गाव आज सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. या परिसरातील कोणत्याही देवळाच्या उंबरठ्यापाशी गेले असता पावित्र्याची ग्रामीण कल्पना प्रथम पायांवरून कळते. पायताण बाहेर राहते, डोकीवरचा फेटा मात्र उतरविला जात नाही. ख्रिस्ती उपासना या मुलखात आली ती नेमकी याच्या उलट शिष्टाचार घेऊन. युरोपीय व अमेरिकी पुरुष देवघरात टोपी काढतो आणि बूट घालून आत जातो. टोपी काढण्यास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा आधार आहे. बुटांची बाजू मात्र लंगडी आहे, कारण जळत्या झुडपापाशी मोशेला पायांतले काढण्याचीही आज्ञा झाली. या एका बाबतीत करवीरचा शेतकरी परदेशी उपदेशकापेक्षा निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायास अधिक जवळचा होता.

रॉयल वाइल्डर हा अमेरिकी मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरास आला. त्याने या भागातील व आसपासच्या मिळून ३,००० हून अधिक गावांत उपदेश केल्याचे त्याच्या चरित्रात नमूद आहे. १८७० मध्ये हे कार्य अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. या उपदेशकांपुढील खरी अडचण शिष्टाचाराची नव्हती, शब्दाची होती.

‘पवित्र’ हा शब्द मराठी बायबलात सर्वत्र आढळतो. कॅरे याच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी ‘नवा करार’ १८११ मध्ये बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ‘पवित्र’ हा संस्कृत ‘पू’ धातूपासून आलेला, म्हणजे शुद्ध करण्याशी संबंधित शब्द होय. सोमरस गाळण्याचे साधन ते पवित्र. धर्मकृत्याच्या वेळी अनामिकेत घालावयाचे दर्भाचे वळे तेही पवित्र किंवा पवित्रक. हिब्रू ‘कोदेश’ या शब्दाचा रोख मात्र सामान्यतः वेगळेपणाकडे असल्याचे मानले जाते. जे सामान्य व्यवहारातून बाजूला काढून देवाचे ठरले, ते पवित्र. बोलीभाषेत या अर्थाच्या अधिक जवळ जाणारा शब्द आहे ‘सोवळे’, आणि भाषांतरकारांनी तो देवाविषयी वापरला नाही, हे योग्यच झाले.

त्याचे कारण स्पर्शाच्या दिशेत आहे. सोवळ्यातील माणसास ओवळ्याचा स्पर्श झाला की सोवळे मोडते. शुद्ध ते दुबळे आणि अशुद्ध ते प्रबळ ठरते. जुन्या करारातही हा विचार नाही असे नव्हे. हाग्गय संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात याजकांना प्रश्न केला आहे की, पवित्र मांस ज्या पदरात बांधले त्या पदराच्या स्पर्शाने भाकर पवित्र होते काय? उत्तर ‘नाही’ असे येते. प्रेताच्या विटाळाने मात्र ती विटाळते. परंतु हे मनुष्याच्या व वस्तूंच्या पावित्र्याविषयी झाले. देवाच्या पावित्र्याची गोष्ट निराळी आहे. कराराच्या कोशास हात लावणारा उज्जा मेला, कोश विटाळला नाही. यशयाच्या सहाव्या अध्यायात सराफ आपली तोंडे झाकून तीनदा ‘पवित्र’ असा घोष करतात, संदेष्टा आपल्या अशुद्ध ओठांमुळे हादरतो, आणि वेदीवरील निखारा त्याच्या ओठांस लागून त्याचा दोष जातो. मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्यास हात लावतो. ओवळे होण्याऐवजी येथे तो रोगीच शुद्ध होतो.

हा फरक कोल्हापुरात केवळ पंडिती नव्हता. १८९९ नंतर वेदोक्त प्रकरणाने संस्थान ढवळून निघाले ते मंत्राचा अधिकार कोणाचा या प्रश्नावर. खुद्द छत्रपतींस पुराणोक्ताची पायरी दाखविली जात असेल, तर गावकुसाबाहेरील महार-मांगांनी देवापुढे कोठे उभे राहावे, हे वेगळे सांगावयास नको. अशा समाजात प्रभुभोजनाचा एकच प्याला सर्वांच्या ओठांस लावणे ही सर्वांत अवघड उपासना होती. प्रवचन दुरून ऐकता येते, भजन अंतर राखून म्हणता येते. प्याला मात्र उष्टा होतो. उच्च जातीतून आलेल्यांची खरी परीक्षा बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा या उष्ट्या काठावर होई.

गीतांच्या बाबतीत मराठी मंडळ्यांनी आपली वाट लवकर शोधली. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा बाज आणला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी संतांचा अभंग ख्रिस्ताच्या पायाशी नेला. ‘उपासना संगीत’ आजही त्यांच्या पदांवाचून उघडत नाही. टिळकांच्या पदांत देव आईइतका जवळ येतो. मात्र यशयाचा थरकाप त्यांत क्वचितच ऐकू येतो, ही उणीव मान्य केली पाहिजे. तो थरकाप मराठी मंडळीस बव्हंशी पाश्चात्त्य चालींवरील गीतांतून मिळाला. त्या गीतांचा मुकुटमणी असलेले, तीन वेळा ‘पवित्र’ म्हणणारे स्तोत्र रचणारा रेजिनाल्ड हेबर कलकत्त्याचा बिशप असताना १८२५ मध्ये मुंबई-पुण्याकडे फिरून गेला होता, हा योगायोगच. अशा रीतीने एकाच रविवारी एकाच मंडळीत देव अभंगातून जवळ येई आणि इंग्रजी चालीतून दूर सरे. ही विसंगती काहींना खटकते. पण भय आणि ओढ या दोन्ही गोष्टी यशयाच्या एकाच अध्यायात आहेत, आणि निखाऱ्यानंतर तोच संदेष्टा ‘मला पाठव’ असे म्हणतो.

पुढे प्याल्याचेच रूप बदलू लागले. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मंडळ्यांत आरोग्याच्या कारणास्तव प्रत्येकास स्वतंत्र लहान पेला देण्याची चाल सुरू झाली आणि कालांतराने ती इतर देशांतही पसरली. त्यामागे जंतुशास्त्र होते, जातिभेद नव्हता. तथापि ज्या मुलखात चहाच्या दुकानातही अस्पृश्यांचा कप वेगळा ठेवला जात असे, तेथे वेगळ्या पेल्याचा अर्थ जंतुशास्त्राने ठरविलेला नव्हता.