धर्मांतर आणि लोभ

सोलापूरच्या भवानी पेठेत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही जुनी वस्ती. धर्मांतराविषयी लिहावयास बसलो असता आम्हांस प्रथम हा मागच आठवला, ह्याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण आहे.

पूर्वी धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठास लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठी जावयाचा. एवढ्या सबबीवर मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांस बंद होते, आणि मजुरी अधिक ती त्याच खात्यात! १९२८ च्या मोठ्या संपात ही बंदी उठविण्याची मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लावून धरली, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुषीनेच स्वीकारली. मालकाविरुद्ध एक झालेले मजूर धोट्यापाशी येऊन वेगळे झाले. असल्या जगात वावरणाऱ्यांस १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी सांगितले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

धर्मांतर म्हणजे लोभ, असा आक्षेप घेण्याची आपल्या सुशिक्षितांस सवयच आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मिशनच्या आश्रयास गेलेल्या कित्येकांस आधी भाकरी हवी होती. पण भुकेल्यास लोभी ठरविण्यापूर्वी, गावातील इतर दारे त्यास उघडी होती काय, हेही विचारावयास हवे.

ह्या आक्षेपाचे खरे उत्तर आम्हांस सोलापुरातच सापडते. १९३८ च्या जानेवारीत बाबासाहेबांनी येथील ख्रिस्ती बांधवांसमोर भाषण केले. बुद्ध व ख्रिस्त ह्या दोघांविषयी त्यांनी आदर दाखविला. परंतु यजमानांचा मुलाहिजा ठेवला नाही. दक्षिणेतील ख्रिस्ती मंडळ्यांत जातिभेद पाळला जातो, सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज राजकारणात लढला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शिवाय अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, तेव्हा त्यात आर्थिक लाभ कोणता, असेही विचारले. १९३६ च्या सरकारी आज्ञेने हिंदी ख्रिस्ती अनुसूचित जातींतून वगळलेच होते.

धर्म बदलल्याने पदरचे काय जाते, ह्याचा हिशेब असा उघड मांडला गेला होता. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखोंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. १९५१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात बौद्ध अगदी तुरळक होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लक्ष ९० हजार झाले. ह्या नवबौद्धांस १९५० च्या आज्ञेप्रमाणे अनुसूचित जातींत स्थान नव्हते. राज्य सरकारने पुढे आपल्यापुरत्या सवलती दिल्या. मध्यवर्ती कायद्यात मात्र दुरुस्ती झाली ती १९९० मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत एक पिढी शाळेतून बाहेर पडून नोकरीच्या शोधास लागली होती. अर्जावर जुनी जात लिहिली तर कदाचित काम झाले असते, आणि तरी पुष्कळांनी तेथे ‘बौद्ध’ असेच लिहिले.