चौकोनी दिव्यांची जीप

भोरला एस. टी. स्टँडच्या मागे वडिलांचं गॅरेज होतं. तिथे एक नियम होता. गाडी आली की बॉनेटच्या आधी वही उघडायची. लाल कापडी बांधणीची, लांबट, किराणा दुकानात उधारीला असते तसली वही. डाव्या पानावर मालकाची तक्रार, त्याच्याच शब्दांत. उजव्या पानावर वडिलांनी काय केलं, काय बदललं, किती घेतले. "चढाला दम लागतो." "उतारावर नाक डावीकडे ओढते." "मागचा डावा पाटा बोलतो." कुणी नुसतंच म्हणालं, "गाडीत जीव राहिला नाही," तर तेही तसंच लिहायचं. मी दहावीत असताना एका तक्रारीचं शुद्ध मराठी करून ठेवलं, तेव्हा वडिलांनी ते पान माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. म्हणाले, "गाडीला काय झालंय ते त्याच्या तोंडून कळतं. तुझ्या तोंडून नाही कळत."

पुढे चाळीस वर्षं मी जीपा दुरुस्त केल्या. गाडीचा इतिहास कसा वाचायचा, हे मला त्या डाव्या पानांनी शिकवलं. नवीन गाडीत काय आलं ते कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. काय गेलं ते मात्र जुन्या मालकाच्या तक्रारीत असतं.

हे मनात पक्कं झालं ते भोरपासून फार लांब, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराजवळ. बहिणीचा मुलगा तिथे नोकरीला आहे. २०१२ मध्ये त्याच्याकडे गेलो, तर दारात १९९० सालची जीप रँग्लर उभी. सात फटींची जाळी ओळखीची, पण दोन्ही हेडलाइट चौकोनी. मी थबकलोच. भाचा म्हणाला, "मामा, इथले जुने लोक हिला खरी जीप मानतच नाहीत." त्याने मला एक स्टिकर दाखवला, खऱ्या जीपचे दिवे गोल असतात, अशा अर्थाचं त्यावर लिहिलं होतं. गाडी बाजारात येऊन पंचवीस वर्षं उलटली होती आणि राग अजून शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला जुन्या कारखान्याच्या जागेवर नेलं. विलीज-ओव्हरलँड कंपनीची जीप इथेच जन्मली. इमारती पाडून झाल्या होत्या. विटांची एक चिमणी तेवढी राखून ठेवलेली, आणि तिच्या अंगावर वरून खाली विटांतच काढलेली ओव्हरलँड ही अक्षरं. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या जीपांच्या बॉनेटच्या कडेला विलीज अशी उठावाची अक्षरं असायची. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो. त्या चिमणीखाली मी बराच वेळ उभा होतो.

त्या दिव्यांविषयी सांगायचं तर आधी थोडं मागे जायला हवं. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची मागणी काढली आणि नमुना तयार करायला दिले फक्त ४९ दिवस. पहिला नमुना दिला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने. पण मोठं काम गेलं विलीज आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या झाल्या. युद्धातल्या त्या जीपचा हेडलाइट आतल्या बाजूला बिजागरीवर बसवलेला असे. वडिलांनी कधीकाळी घेतलेली डिस्पोजलची एक जीप गॅरेजच्या मागे होती, तिच्यावर मी हे हाताने केलेलं आहे: बॉनेट उचलायचं, पाकळीचा नट सैल करायचा आणि दिवा उलटा फिरवायचा. उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री, रानात, दुसऱ्याने बॅटरी न धरता माणूस एकटा प्लग बदलू शकतो. ज्याने हे सुचवलं त्याने अंधारात पाना धरलेला असणार, याविषयी मला शंका नाही.

युद्धानंतर १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए निघाली. तिचे दिवे मोठे झाले, जाळीला घट्ट बसले आणि ती बिजागरी गेली. दिवे मोठे झाल्यामुळे जाळीत जागा उरली नाही, म्हणून नऊ फटींच्या सात झाल्या. आज ज्या सात फटींवरून कोर्टकचेऱ्या होतात, त्यांचा उगम एवढा साधा आहे.

मग १९५३ ची सीजे-३बी. इंजिनाला जास्त जोर हवा म्हणून इनटेकचे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. इंजिन उंच झालं, त्याबरोबर बॉनेटही उंच झालं. जुन्या सपाट नाकाच्या जीपची सवय असलेल्या कित्येक अमेरिकनांना ती बेढब वाटली. तिकडे ती १९६८ पर्यंत निघाली, सुमारे दीड लाख. आणि आपल्याकडे? महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपांची जुळणी सुरू केली होती. पुढे हीच उंच बॉनेटची गाडी त्यांनी हाती घेतली आणि कित्येक वर्षं चालवली. पाटबंधारे खातं, पोलीस, तहसीलदार, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, निवडणुकीचा भोंगा, सगळ्यांखाली तीच. महाराष्ट्रात 'जीपगाडी' म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे जे नाक येतं ते हेच. तिकडच्यांनी नाक मुरडलेली गाडी इकडे मूळ जीप ठरली.

आता चौकोनी दिवे. अमेरिकेत १९४० पासून गाड्यांना ठरावीक मापाचे गोल, बंद हेडलाइट लावण्याचं बंधन होतं. ते सत्तरच्या दशकाच्या मध्यात सैल झालं आणि चौकोनी दिव्यांची फॅशन आली. त्याच सुमारास जीपवर दुसरं संकट येत होतं. १९८० च्या डिसेंबरात 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने सीजे-५ कशी उलटते याच्या चाचण्या देशभर दाखवल्या. कंपनीने त्या चाचण्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, पण लोकांच्या मनात बसायचं ते बसलं. जीप तेव्हा अमेरिकन मोटर्सकडे होती. १९८६ मध्ये त्यांनी ४० वर्षांची सीजे मालिका बंद केली आणि १९८७ चं मॉडेल म्हणून रँग्लर आणली, जिला तिकडे वायजे म्हणतात. चाकांमधलं अंतर वाढवलेलं, गाडी जमिनीला जवळ आणलेली, आतून मोटारगाडीसारखी. आणि समोर चौकोनी दिवे, म्हणजे ही सीजे नव्हे हे लांबूनच कळावं.

मालक खवळले. सगळ्यात जास्त आरडाओरड झाली ती दिव्यांवरून, आणि इतिहासात तीच उरली. मला मात्र त्यांच्या तीन मोठ्या तक्रारींत ती सगळ्यात हलकी वाटते.

दुसरी तक्रार गाडीच्या पोटाखालची. भाच्याच्या गाडीखाली मी पोत्यावर आडवा झालो तेव्हा ती दिसली. पाटे होतेच, आपल्या जीपांना असतात तसे. पण कंपनीने त्यांच्या जोडीला पुढे आणि मागे आडवे दांडे दिले होते, चॅसीपासून ॲक्सलपर्यंत, ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून. शिवाय पुढे झोल आवरणारा अँटिरोल बार. हायवेवर हे सगळं चांगलं. पण खडकावर एक चाक वर चढतं तेव्हा दुसऱ्याने खाली लोंबायला हवं, तरच त्याला जमीन मिळते. हे दांडे तेवढी मोकळीक देत नाहीत. भाच्याच्या गाडीला दांडे नव्हते. आधीच्या मालकाने ते काढून टाकले होते, ब्रॅकेट तेवढे गंजत राहिले होते. तिकडे कित्येकांनी हेच केलं. ही तक्रार वहीच्या डाव्या पानाची आहे. वरंध घाटातून उतरलेल्या ड्रायव्हरने "मागचं चाक हवेत राहतं" म्हणावं, तितकी नेमकी.

तिसरी गिअरबॉक्सची. पहिल्या रँग्लरमध्ये सहा सिलिंडरच्या इंजिनाला पुजो कंपनीचा पाच गिअरचा बॉक्स जोडला होता. इंजिनाचा जोर आणि जीपवाल्यांचं हाणणं त्याला झेपलं नाही, आणि तो बदनाम झाला. १९८९ मध्ये त्याच्या जागी जपानी ऐसिन कंपनीचा बॉक्स आला. भाच्याची गाडी त्या बदलानंतरची. हे तो सांगत होता तेव्हा मला हसू फुटलं, कारण त्याच ऐंशीच्या दशकात आपल्याकडे पुजोचं नाव ड्रायव्हर लोक आदराने घेत होते. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये पुजोचं २१०० सीसीचं डिझेल इंजिन होतं. "पुजो आहे ना? मग घाबरू नको," हे वाक्य मी घाटात किती वेळा ऐकलं असेल. एकच नाव टोलेडोत शिवी आणि भोरमध्ये शाबासकी. म्हणून मी कुठल्याही गाडीविषयी नुसतं नाव ऐकून मत देत नाही. कुठला भाग, कशाला जोडलेला, कोण चालवणार, हे आधी विचारतो.

एक गोष्ट जुन्या मालकांच्या विरोधात सांगणं भाग आहे. गाडी रुंद आणि बुटकी केली याचाही त्यांनी राग धरला, आणि तो राग मला पटत नाही. उलटलेली जीप मी पाहिली आहे. कापूरहोळच्या अलीकडे, पावसाळ्यात, वरचं हूड फाटलेलं आणि चाकं आभाळाकडे. आत होती ती माणसं आमच्याच गावची. उंच, अरुंद आणि आखूड गाडी वळणावर काय करते हे ज्याने पाहिलं, तो चाकांमधलं अंतर वाढवल्याची तक्रार करणार नाही. वायजेने जीपला रस्त्यावर अधिक स्थिर केलं. लोक दिव्यांवरून भांडत बसले, म्हणून हे श्रेय तिला नीट मिळालं नाही.

ती गाडी सहा लाखांहून जास्त विकली गेली. तरी १९९७ चं मॉडेल आलं तेव्हा दिवे पुन्हा गोल होते. कंपनी तोवर क्रायस्लरकडे गेली होती. गोल दिव्यांचा आनंद एवढा झाला की खालचे पाटे जाऊन चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आले, या मोठ्या बदलावर त्या मानाने कमीच बोललं गेलं. खरं तर खडकात चाक खाली लोंबण्याचा जुना प्रश्न या स्प्रिंगांनी बराचसा सोडवला. दांडे काढून फेकणाऱ्या मालकांचं म्हणणं कुणीतरी ऐकलं असावं. २००७ मध्ये सहा सिलिंडरचं सरळ इंजिन जाऊन मिनिव्हॅनमधलं ३.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा पुन्हा "चढाला दम लागतो" हीच तक्रार झाली. २०१२ च्या मॉडेलला इंजिन बदललं.

आपल्याकडचा धागाही इथेच येऊन मिळतो. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत शेतात, रानात चालवायची रॉक्सर काढली. मूळ जुन्या जीपचं, त्यामुळे जीपच्या तेव्हाच्या मालक कंपनीने चेहऱ्याच्या नकलेवरून व्यापार आयोगाकडे तक्रार नेली. २०२० मध्ये तिच्या विक्रीला मनाई झाली आणि चेहरा बदलल्यावर त्याच वर्षी ती उठली. त्याच वर्षी इकडे नवी थार आली. तिच्या बहुतेक मॉडेलांत मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांऐवजी पुढे तोंड केलेली आसनं आली. आमच्या भागातले वडापवाले या बदलावर हळहळले. त्या बाकड्यांवर दूधवाले, शाळेची पोरं, बाजाराच्या पाट्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं मावायचं. पण आडव्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला धडकेत कशाचाच आधार नसतो. नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले. वडापवाल्यांची हळहळ खरी आहे आणि बदलही योग्य आहे. दोन्ही वहीत लिहायला हवं, एकाने दुसरं खोडायचं नाही.

वडील गेले तेव्हा अशा अकरा वह्या निघाल्या. पहिलीत सगळ्या पेट्रोल जीपा. पेट्रोल महागल्यावर लोकांनी त्यांत डिझेल इंजिनं बसवून घ्यायला सुरुवात केली. काही आमच्याच गॅरेजात बसली. चौथ्या वहीत त्याची तक्रार आहे, एका ड्रायव्हरने सांगितलेली, वडिलांच्या अक्षरात: "गाडी उभी असली की हेडलाइटचा उजेड थरथरतो, समोरच्याला वाटतं मी डोळा मारतो." उजवीकडे वडिलांनी लिहिलं आहे: इंजिनचे रबर बदलले, एक जादा ब्रॅकेट, ३५ रुपये. महाराष्ट्रातली जीप पेट्रोलवरून डिझेलवर कशी गेली, त्यात कुणाला काय सोसावं लागलं, हे मला या दोन ओळींइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेलं नाही.

अकरापैकी तीन वह्यांना वाळवी लागली होती. त्यांतली पानं वाचता येत नाहीत. उरलेल्या आठ मी पानापानाने फोटो काढून ठेवल्या आहेत. पुणे-सातारा रस्त्यावर, नाशिकला, कोल्हापूरला जुनी गॅरेजं आता एकेक बंद होतायत. तुमच्या घरात कुणी मेकॅनिक, ड्रायव्हर, फिटर असेल आणि त्याची अशी वही माळ्यावर पडली असेल, तर ती रद्दीत घालू नका. आधी उघडा आणि डावं पान वाचा.