परत येणारं पाकीट

सरदार वल्लभभाई पटेल कागदाची पाकिटं फार सुबक करायचे. माझं निम्मं आयुष्य मामलेदार कचेरीत बारनिशीच्या टेबलावर गेलं. आलेलं टपाल फोडायचं, गेलेलं बंद करायचं, दोन्हींची नोंद ठेवायची. तरी सरदारांची ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली, गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांच्या डायरीत. काटेवाडीच्या घरी ओसरीवर बसून ती पानं वाचताना वाटलं, चला, आपल्या धंद्यालाही एक थोर पूर्वज निघाला.

साल १९३२. जानेवारीच्या चार तारखेला गांधीजी आणि वल्लभभाई यांना अटक झाली आणि दोघांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. मार्चमध्ये महादेवभाईही तिथं आले. गांधीजींचा पत्रव्यवहार तुरुंगातूनही दांडगा. साबरमतीच्या आश्रमाला आठवड्याचं एक जाडजूड पुडकं जायचं, शिवाय इतर पत्रं वेगळी. त्यांना पाकिटं लागणार, आणि नवी विकत घेणं गांधीजींच्या स्वभावात नव्हतं. आलेल्या पाकिटाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहिणारा हा माणूस. मग वल्लभभाईंनी ते खातं आपल्याकडं घेतलं. वेष्टनाचे कागद, पाठकोरे कागद, वापरलेली पाकिटं असं जे हाताला येईल त्यातून ते नवी पाकिटं कापू लागले. गांधीजींनी एका पत्रात त्याचं तोंड भरून कौतुक केलंय: माप घेत नाहीत, नुसत्या नजरेनं कापतात, आणि वेळही फारसा लागत नाही. त्याच काळात वल्लभभाई पंडित सातवळेकरांच्या पुस्तकांवरून संस्कृत शिकत होते. सातवळेकर तेव्हा आपल्या औंधला असत. त्या अभ्यासाच्या वेगाला गांधीजींनी अरबी घोड्याची उपमा दिली.

पुढं साडेपाचशेच्या वर संस्थानं जोडणारा माणूस आधी रद्दीचे कागद जोडत बसला होता, असं भाषणात म्हणायला बरं वाटतं. मला मात्र त्यातली कारागिरी जास्त मोठी वाटते. माप न घेता पाकीट कापून बघा म्हणजे कळेल. चार पाळ्या मध्यावर अशा यायला हव्यात की एकमेकींवर बोटभर चढतील. कमी चढल्या तर पाकीट उसवतं, जास्त चढल्या तर कागद वाया जातो. वापरलेलं पाकीट उलटं करायचं असेल तर आधी ते चिकटवलेल्या जोडावर सोडवावं लागतं. जोड खळीचा असेल तर चहाच्या आधणाच्या वाफेवर धरलं की सुटतो. मैद्याची खळ, तिला किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आमच्या कचेरीत ही खळ शिपाईच शिजवायचा. नंतर फेविकॉल आला. त्याचा जोड सुटत नाही, कागदच फाटतो. पाकीट उलटण्याची विद्या मोडायला माझ्या मते तो पांढरा डबा पुष्कळ अंशी कारण झाला.

मी नोकरीला लागलो तेव्हा कचेरीत पाकीट उलटत नसत. त्यावर चिठ्ठी चिकटवत. तिला सगळे इकॉनॉमी स्लिप म्हणत. ही चाल महायुद्धाच्या काळातली. विलायतेत कागदाची टंचाई झाली तेव्हा जुन्या पाकिटावर नवा पत्ता चिकटवायला अशी लेबलं निघाली होती. आपल्याकडं सरकारी कचेऱ्यांनी तीच रीत उचलली, आणि युद्ध संपलं, इंग्रज गेले, तरी चिठ्ठी राहिली. पाकिटाच्या आकाराहून थोडा लहान, खरबरीत कागदाचा तुकडा. जुना पत्ता, जुनी तिकिटं, जुने शिक्के सगळे त्याखाली झाकायचे, वर नवा पत्ता, उघडं तोंड पुन्हा त्याच चिठ्ठीच्या टोकानं बंद.

आमचे अव्वल कारकून या बाबतीत भारी कडक. बोटानं पाकीट फाडलेलं दिसलं की हाक मारून उभं करायचे. “पाकीट फोडायचं नसतं, उघडायचं असतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ब्लेडनं आखूड बाजू कापायची, म्हणजे मोठी पाळी शाबूत राहते. एकेका पाकिटावर चिठ्ठ्यांचे थर चढत. फावल्या वेळात मी ते उचकटून बघायचो: वर पुणे, खाली इंदापूर, त्याखाली दौंड, तळाला एखाद्या वर्षापूर्वीचं आमचंच अक्षर. फिरून फिरून आमच्याकडंच आलेलं.

पाकीट पुन्हा वापरणं हे कागदाच्या जातीवर जितकं अवलंबून आहे त्याहून दोन टोकांवर अवलंबून आहे. तहसील, प्रांत, जिल्हा या कचेऱ्या एकमेकींना पत्रं पाठवतात आणि एकमेकींकडून घेतात. मी पाठवलेलं पाकीट मला परत मिळालं नाही तरी कोणाचं तरी मला मिळतंच. घरगुती पत्राचं तसं नाही. म्हणून टपाल खात्यानं घरगुती पत्रासाठी वेगळाच तोडगा काढला: पाकीटच काढून टाकलं. १८७९ साली हिंदुस्थानात पाव आण्याचं कार्ड आलं, १९५० साली आंतरदेशीय पत्र आलं, ज्यात कागद स्वतःच दुमडून पाकीट होतो. काटकसर म्हणून दोन्ही उत्तम, पण ती एकदाच वापरायची.

जे खरोखर पुन्हा पुन्हा वापरलं गेलं ते कापडाचं.

मराठेशाहीत मानाचं पत्र खलित्यातून जाई. किनखाबाची किंवा मलमलीची अरुंद थैली, आत दुमडलेलं पत्र, तोंडाला दोरी, दोरीच्या गाठीवर लाखेची मोहोर. मोहोर फोडावी लागे, पण थैली धड राहत असे. रोजची पत्रं साध्या कागदात गुंडाळून, चिकटवून जासूद नेत. कागद हाताचा, महाग. आपल्याच जिल्ह्यातलं जुन्नर त्यासाठी नावाजलेलं. अशा कागदाच्या एका तावाचं नुसतं वेष्टन करणं कोणाला परवडणार? बारामतीचे बाबूजी नाईक पेशव्यांचे सावकार आणि सोयरे. त्यांच्या पदरी कवी मोरोपंत. कऱ्हेकाठच्या त्या वाड्यात किती हुंड्या आणि पत्रं आली-गेली असतील याचा विचार करताना माझ्यातला कारकून जागा होतो. त्या काळच्या पत्रांवर शेवटी ‘बार’ अशी नोंद दिसते, पत्र पोचल्याची ‘पै॥’ अशी तारीख दिसते. म्हणजे आवक आणि जावक. आमचंच काम, फक्त मोडीत.

ही पत्रं पुढं पेशवे दप्तरात गेली आणि तिथं पुन्हा कापडात बांधली गेली. चौकोनी कापडाच्या त्या बांधणीला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल पुण्याच्या दप्तरखान्यात आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यातली निवडक पत्रं १९३० पासून चारेक वर्षांत ४५ भागांत छापून काढली, म्हणजे वल्लभभाई येरवड्यात पाकिटं कापत होते नेमक्या त्याच दिवसांत. रुमालाची रचना पाहण्यासारखी आहे. माप ठरलेलं नाही, शिलाई नाही, डिंक नाही. आत चार कागद असोत की चारशे, गाठ मारली की झालं. तलाठी भाऊसाहेबांचं दप्तरही फडक्यातच असायचं, आणि सातबारा ऑनलाइन झाला तरी काही गावांत जुने कागद अजून फडक्यातच आहेत.

टपाल खात्याची थैली हा याच घराण्यातला पुढचा अवतार, आणि माझ्या मते सगळ्यांत हुशार. जाड कॅनव्हासची थैली. तोंड चुणून सुतळीनं आवळलेलं, गाठीवर लाख आणि पितळी शिक्का. पत्ता थैलीवर लिहायचाच नाही. तो सुतळीला बांधलेल्या लेबलवर. थैली पोचली की सुतळी कापायची, लेबल काढायचं, आणि थैली पुन्हा कोरी. कोणी मध्ये उघडली तर लाख सांगते. कोणी थैली दाबून ठेवली तर हिशेब सांगतो, कारण रिकाम्या थैल्यांचीही वही असते. पाकीट पुन्हा वापरायचं म्हटलं की जे प्रश्न उभे राहतात, म्हणजे उघडायचं कुठं, नवा पत्ता लिहायचा कुठं, न फोडल्याची खात्री कशी द्यायची, त्या सगळ्यांचं उत्तर त्या मळक्या थैलीत आहे.

पण थैली आपल्या पायांनी परत येत नाही. बारनिशीच्या वहीत ज्याची नोंद नसते तो माणूस ती आणतो. इंग्रजी अमलात आणि त्याच्याही आधीपासून गावोगावचं सरकारी टपाल पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणं हे महार वतनदारांच्या माथी मारलेलं काम होतं. भर उन्हात, रात्री-अपरात्री, नदीला पाणी असताना. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाकडून मिळालं तर बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते यासाठीच. सरकारची चोवीस तासांची चाकरी आणि पगार मात्र गावाच्या मर्जीवर, हा त्यांचा आक्षेप होता. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. त्यानंतर टपाल कोतवालाकडं आलं, आणि त्याला मानधन सुरू झालं. जुन्या काळी सगळं कसं काटकसरीचं होतं असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं. थैलीचे पैसे वाचत होते, कारण चालणाऱ्याचे पैसे कोणी धरतच नव्हतं.

माणसं आपखुशीनं वस्तू फिरती ठेवतात तेव्हा कसं दिसतं हे आमच्या गावात दरसाल बघायला मिळतं. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाताना काटेवाडीला थांबते. मेंढ्यांचं रिंगण होतं, ते बघायला लांबून लोक येतात. पण त्याआधी परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. वाटेवर धोतर अंथरायचं, पालखी त्यावरून गेली की मागचं उचलून पुढं धावत न्यायचं, परत अंथरायचं. वाट भली मोठी, धोतरं मोजकीच. आमच्या टपालाला असे मागचं उचलून पुढं नेणारे हात असते तर पाकीट कधीच मोडीत निघालं नसतं.

ते मोडीत निघालं माझ्या डोळ्यांदेखत. झेरॉक्स आली, कागद स्वस्त झाला, इकॉनॉमी स्लिप छापणं बंद पडलं. साहेब लोकांना जुन्या पाकिटातून पत्र आलं की कमीपणा वाटू लागला. मग कुरिअरची प्लास्टिकची पिशवी आली. ती कात्रीशिवाय उघडत नाही आणि उघडली की कशाच्याच कामाची राहत नाही. कोणी मध्ये हात घालू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. लाखेच्या शिक्क्याचंही काम तेच होतं, पण तो थैलीचा जीव घेत नव्हता. आमच्या गावात ग्रामस्वच्छता अभियानाच्या वेळी कचरा वेगळा करायला सगळे शिकले. त्या कचऱ्यात आज सर्वांत न संपणारी चीज म्हणजे ह्या पिशव्या.

परदेशात आता या प्रश्नावर पैसा लागलाय. फिनलंडमध्ये रीपॅक नावाची कंपनी आहे. ती दुकानदारांना टिकाऊ पिशवी देते; गिऱ्हाइकानं माल काढून घ्यायचा, रिकामी पिशवी पत्राएवढी दुमडायची आणि टपालपेटीत टाकायची. परत पाठवण्याचा खर्च आधीच भरलेला असतो. मला ही कल्पना आवडली, कारण त्यांनी नुसत्या पिशवीचा विचार केला नाही, परतीच्या पायांचाही केला आणि त्याचे पैसे धरले. आमच्या कॅनव्हासच्या थैलीत जे होतं ते सगळं त्यात आहे आणि वतनदारीत जे नव्हतं तेही आहे.

आपल्याकडं टपालच बदलतंय. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. कचेऱ्यांत ई-ऑफिस आलंय, आणि ते बरंच आहे. जो कागद पाठवावाच लागत नाही त्याला पाकीट नको. पण अजूनही पंचायत समिती आणि ग्रामपंचायत, तालुक्याची शिक्षण कचेरी आणि शाळा, कारखाना आणि त्याची गट ऑफिसं यांच्यात रोज कागद ये-जा करतात. टोकं ठरलेली, माणूस ठरलेला, तोच जातो आणि तोच येतो. तिथं दर वेळी नवं पाकीट फाडणं हा निव्वळ आळस आहे. मांजरपाटाची थैली शिवा, तोंडाला नाडी घाला, नाडीला पत्त्याची चकती बांधा. गावातला कोणताही शिंपी एका दुपारी दहा शिवून देईल. नेणाऱ्याला मात्र त्याचा प्रवासभत्ता वेळेवर द्या.

आणि घरी पाकीट आलंच, तर ते फोडू नका. आखूड बाजूनं ब्लेड फिरवा, आतली बाजू बघा. बहुतेक वेळा ती कोरी असते.